तुझे दोन दिवस माझ्याकडे राहिलेत

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. पालकसभेत हे बोलायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा गळा दाटून आला, म्हणून लिहून टाकते.

तुमच्या वर्गात येण्याआधी माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ठरलेला शेरा असायचा, 'संयम नाही'. रांगेत घुसतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. खोटं नव्हतंच ते. पण ज्या वर्गात हा शेरा मिळाला, तिथे भिंतीवर चांदण्यांचा तक्ता होता. वीस चांदण्या झाल्या की बक्षीस. पोरानं तीन महिने खपून वीस जमवल्या. बक्षीस आधी 'पुढच्या आठवड्यात' होतं, मग 'परीक्षेनंतर', मग भिंतीला रंग लागला आणि तक्ताच गेला. त्यानंतर 'थांब' म्हटलं की तो थांबेना. आता वाटतं, शहाणाच होता.

तुमच्याकडे पुस्तकपेटीची किल्ली आठवडाभर सांभाळायला मिळावी म्हणून त्यानं सात आठवडे वाट पाहिली. (आता किती राहिले, हा हिशेब घरात रोज. डोकं उठायचं.) त्याचा आठवडा उजाडला आणि नेमक्या तुम्हीच आजारी. पहिल्या दिवशी घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "मला माहीतच होतं." आठ वर्षांचं पोर!

बुधवारी तुम्ही आलात. खांद्यावरची पर्सही न उतरवता, हजेरीच्या आधी त्याला बोलावून किल्ली हातात दिलीत आणि म्हणालात, "तुझे दोन दिवस माझ्याकडे राहिलेत. पुढच्या सोमवारी-मंगळवारी घे. उशीर माझ्यामुळे झाला." आणि जिची पाळी त्यामुळे पुढे गेली, त्या मुलीला आधी विचारलंत. हे सगळं मला त्यानंच सांगितलं, शब्द न् शब्द.

मार्शमेलोचा, म्हणजे त्या मऊ गोड गोळीचा, प्रयोग आपण सगळे ऐकून असतो. मुलाला सांगायचं, आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. त्यावरून न थांबणारं मूल कच्चं, असं आपण धरून चालतो. पण अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठातला एक छोटा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला, तो मला जास्त लागला. मुलं फक्त २८. चांगले रंग आणून देतो असं सगळ्यांना सांगितलं. निम्म्यांना ते खरंच मिळाले, निम्म्यांसमोर मोठं माणूस रिकाम्या हातानं परतलं. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३. वाचताना मला तो तक्ताच दिसत होता. आणि खरं सांगू, माझे 'रविवारी नक्की'सुद्धा.

मोठ्यांशी वागताना आपण पाच मिनिटांच्या उशिराचीही माफी मागतो. लहानांना दिलेला शब्द कोण मोजतं? तुम्ही मोजलात, आणि तेही तापातून उठून. अशी माणसं शाळेत आहेत म्हणून मुलाला सकाळी फाटकाशी सोडून निर्धास्त परत फिरता येतं.

परवा त्याला म्हटलं, दहा मिनिटांत आलेच. अकराव्या मिनिटाला धावत पोचले. तो जिन्यावर पुस्तक उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आई, तुझ्याकडे माझं एक मिनिट राहिलं."

आपली कृतज्ञ,
त्याची आई