इंजिन उतरवायच्या आधी

प्रिय अविनाश,

गाडी तापून स्लोवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) आली की ऑइल प्रेशरचा काटा तळाला जातो, म्हणून तू थेट इंजिन उतरवायला निघालास! थांब जरा.

आधी काटा खरं बोलतो का ते बघ. ते गेजही गाडीइतकंच म्हातारं आहे. इंजिनाच्या ब्लॉकवरचा सेंडर (काट्याला दाब कळवणारा भाग) काढून तिथे साधं मेकॅनिकल गेज लाव, गाडी फिरवून इंजिन पुरतं तापव आणि मग वाच. थंड इंजिनात घट्ट तेल सगळे दोष झाकतं. जुना ठोकताळा असा, की दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय पुरे. पण तुझ्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा मान. फोर्डच्या मॉडेल टीला तर ऑइल पंपच नव्हता, फ्लायव्हीलने उडवलेल्या तेलावर भागायचं.

दुसरं, डिपस्टिकचा (तेलाची पातळी बघायच्या पट्टीचा) वास घे. हसू नकोस. तेल वरून टाकावंच लागत नाही म्हणून तू खूश आहेस, मला नेमकी त्याचीच शंका येते. जुनं इंजिन थोडं तरी तेल खाणारच. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला की पेट्रोल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, झिरपतं. तेल पातळ होतं आणि पातळी कमी व्हायची तिथे वाढते. पेट्रोलचा वास आला तर आधी पंप दुरुस्त कर, मग तेल आणि फिल्टर बदल, आणि तोवर गाडी चालवू नकोस.

वास नसेल तर काटा केव्हा पडतो ते बघ. ऑइल पंप फक्त तेल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटींतून ते अडत अडत जातं, म्हणून दाब तयार होतो. फटी वाढल्या की तेल मोकळं निसटतं: गरम इंजिन, स्लोवर दाब कमी, रेस केलं की वर, ही झिजेची खूण. (पातळ तेलाचीही हीच, म्हणून आधी वास.) थंड असतानाही, कुठल्याही वेगाला दाब कमीच असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की जादा तेल सोडून देणारी झडप) बघ, कचरा अडकून तो उघडा राहतो किंवा स्प्रिंग दमलेली असते. बऱ्याच इंजिनांत तो बाहेरूनच एका मोठ्या नटाखाली सापडतो. वेग वाढवल्यावर दाब पडला तर ऑइल पंपाची जाळी गाळाने तुंबलीय, नाहीतर पाइपचा सांधा हवा ओढतोय. फक्त वळणावर पडला तर तेलच कमी.

त्या स्प्रिंगखाली वॉशर घालायचा सल्ला तुला कुणी दिला माहीत नाही, पण तो विसर. व्हॉल्व्ह फक्त वरचा दाब रोखतो. स्लोवर तो बंदच असतो, तिथे वॉशर काय करणार? जाड तेलाचंही तसंच. काटा चढेल, झीज तशीच राहील.

एक मात्र नीट ऐक. लोड आल्यावर खालून ठोका येत असेल तर इंजिन लगेच बंद. एकेका प्लगची वायर काढल्यावर ज्या सिलिंडरला ठोका मऊ होतो, तिथलं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलंय असं समज. तेव्हा सम्प खोलायचाच. बेअरिंगबरोबर पंपाची कव्हर प्लेटही बघ, गिअर त्यात चर पाडतात आणि कुणी जाड गॅस्केट घातलेलं असलं तरी दाब जातो.

आता दोन आकडे कळव: गरम इंजिनाचा स्लोवरचा दाब आणि 2000 आरपीएमचा. आणि वास आला का, तेही.

तुझा,
शेखर