भागीदारीपत्रात ‘पुस्तकी किंमत’ लिहू नका

संपादक महोदय,

जालन्यातल्या अनेक रोलिंग मिल आणि भट्ट्या भावाभावांच्या किंवा मित्रांच्या भागीदारीत चालतात. भागीदारीपत्र बहुधा जुन्या नमुन्यावरून उतरवलेलं असतं. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा, यावर त्यात एकच ओळ असते: ‘ताळेबंदाप्रमाणे’.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीच्या पोलाद कंपनीत 1887 पासून असाच करार होता. तीन चतुर्थांश भागीदारांनी ठरवलं, तर एखाद्याला आपला हिस्सा पुस्तकी किमतीला, म्हणजे हिशेबाच्या वहीतल्या रकमेला, कंपनीला विकावा लागे. भागीदार वारला तर वारसांना एकदम रोख मोजताना कंपनी बुडू नये, हा त्यामागचा रास्त हेतू. पण 1892 साली अडीच कोटी डॉलर भांडवल दाखवलेल्या या कंपनीने 1899 मध्ये एका वर्षात सुमारे 2 कोटी 10 लाख नफा कमावला. तिचा एक भागीदार हेन्री फ्रिक, त्याचा हिस्सा 6 टक्के. कार्नेगीने त्याला बाहेर काढताना पुस्तकी किमतीने सुमारे 49 लाख देऊ केले. फ्रिक कोर्टात गेला आणि 1900 च्या तडजोडीत त्याच्या हिश्शाचे 3 कोटींच्या वर झाले.

ठिणगी पडली कोकच्या, म्हणजे भट्टीत जळणाऱ्या भाजलेल्या कोळशाच्या, भावावरून. पोलाद कंपनीला कोक पुरवणारी कंपनी फ्रिकची. तिच्यात कार्नेगीचाही मोठा वाटा, शिवाय इतर भागधारक. टनाला 1.35 डॉलर हा भाव तोंडी ठरला, असं कार्नेगीचं म्हणणं. फ्रिकला ते मान्य नव्हतं. बाजार चढल्यावर कमी भावाने कोक देणं म्हणजे कोक कंपनीच्या बाकी भागधारकांचा नफा पोलाद कंपनीच्या खिशात घालणं.

आपल्याकडे एका भागीदाराची भट्टी सामाईक मिलला बिलेट (पोलादाच्या ओतीव कांड्या) पुरवते, तिथेही हेच होतं. म्हणून भाव माल निघालेल्या दिवसाच्या बाजारभावाशी जोडून लेखी ठेवा. एमआयडीसीचा प्लॉट वहीत घेतलेल्या वेळच्या रकमेवरच राहतो आणि यंत्रांची किंमत घसाऱ्याने दरवर्षी खाली येते, त्यामुळे मूल्यांकनकाराने प्लॉट, शेड, यंत्रं आजच्या भावाने मोजावीत, साठा आणि नावलौकिक वेगळा धरावा. दोन मूल्यांकनांत फरक पडला तर तिसरा कोण, हप्ते किती, व्याज किती, हेही लिहा. करार गप्प असेल आणि हिशेब न मिटवता धंदा चालू राहिला, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 लागतं: बाहेर पडलेल्याला त्याच्या हिश्शावरचा नफा किंवा 6 टक्के व्याज, यांतलं एक निवडता येतं. तिथून वर्षानुवर्षांची तारीख पे तारीख.

हे बदल पुरवणी भागीदारीपत्रात घालून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. कार्नेगीच्या 1897 च्या सुधारित करारावर हेन्री फिप्स या भागीदाराने सही केली नव्हती, आणि करार लागूच होतो का, यावरच पुढे वाद पेटला.

– भागीदारी संस्थांचे हिशेब पाहणारा एक वाचक, जालना