एसएसडी दिसत नाही म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कॉम्प्युटर-मोबाइलबद्दल जे काही छापून येतं ते मी वाचतो, पण त्यात बहुतेक वेळा कुठलं नवीन मॉडेल आलं, स्पीड किती, कॅमेरा किती एवढंच असतं. वस्तू घरी आणल्यावर ती चाललीच नाही तर काय करायचं हे कुणी लिहित नाही म्हणून हे पत्र. ओळखीपाळखीतल्या लोकांना मशीन जोडून देणं हा माझा जुना उद्योग आहे आणि हल्ली जी तक्रार सगळ्यात जास्त कानावर येते ती एसएसडीची (हार्ड डिस्कच्या जागी आलेली, डेटा साठवणारी ड्राइव्ह), म्हणजे "नवीन कॉम्प्युटर आहे, नवीन एसएसडी आहे, पण कॉम्प्युटरला ती दिसतच नाहीये". त्यावर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, दुकानात विचारा नाहीतर नेटवर विचारा, लोक सांगतात एसएसडी खराब निघाली, बदलून घ्या. मग ती बदलून येते आणि दुसरीसुद्धा दिसत नाही!

माझं म्हणणं एवढंच की एसएसडी बदलायच्या आधी एक प्रश्न विचारा, कुठे दिसत नाही? कारण ती न दिसण्याच्या जागा तीन आहेत, एक बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डातला सेटिंगचा प्रोग्राम), दुसरी विंडोज टाकताना डिस्क निवडायचा स्क्रीन येतो तिथे आणि तिसरी विंडोज चालू झाल्यावर धिस पीसीमध्ये. तिन्ही ठिकाणची कारणं एकदम वेगळी आहेत आणि खरोखर बिघडलेली एसएसडी ही शक्यता फक्त पहिल्या जागी नीट विचारात घेण्यासारखी आहे, तीसुद्धा बाकी सगळं तपासून झाल्यावर.

सगळ्यात सोपी तिसरी जागा, ती आधी उरकून टाकतो. कॉम्प्युटरमध्ये आधीच विंडोज आहे, जास्तीची एसएसडी लावली आणि धिस पीसी उघडलं तर तिथे जुनाच सी ड्राइव्ह, नवीन काहीच नाही. यात काहीही बिघडलेलं नसतं. नवीन एसएसडी कोरी येते, तिच्यावर पार्टिशन (आखून दिलेला जागेचा भाग) नसतं म्हणून तिला सी-डीसारखं अक्षरही मिळत नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ती खाली अनअलोकेटेड म्हणून काळ्या पट्टीत पडलेली दिसते, बऱ्याचदा इनिशियलाइज करू का असं विंडोज स्वतःच विचारतं, तिथे जीपीटी निवडायचं (ही पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत, एमबीआर जुनी पद्धत आहे, २ टीबीच्या पुढची जागा ती वापरूच शकत नाही), मग न्यू सिंपल व्हॉल्यूम करून नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की काम झालं. फक्त एक, ही ड्राइव्ह जुनी असेल आणि तिच्यावर तुमचा डेटा असेल तर इनिशियलाइज आणि फॉरमॅटला हात लावू नका, तिथे अडचण वेगळी असते आणि हो म्हटलं की पस्तावायची वेळ येते. आणि १ टीबीची घेतली पण ९३१ जीबीच दिसते म्हणून फसवलं असं समजू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

आता पहिली जागा, म्हणजे बायोस. इथे लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो बूट लिस्टमुळे (कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं त्याची यादी). कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये गेलात, बूट ऑर्डरचं पान उघडलं, तिथे एसएसडीचं नाव नाही, झालं, निष्कर्ष काढून मोकळे. अहो पण बूट लिस्टमध्ये यायला त्या ड्राइव्हवर बूट होण्यासारखं काहीतरी असायला नको का? आताचे सगळे बोर्ड यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) पद्धतीचे आहेत, त्यात ड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन आणि त्यात बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) असेल तर लिस्टमध्ये विंडोज बूट मॅनेजर अशी नोंद येते. कोऱ्या एसएसडीचं नाव तिथे शोधणं म्हणजे कोऱ्या वहीत अनुक्रमणिका शोधणं. बघायचं ते पान वेगळं, कुठे त्याला एनव्हीएमई कॉन्फिगरेशन म्हणतात, कुठे स्टोरेज, कुठे साटा कॉन्फिगरेशन, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं पण असतं नक्की. तिथे एसएसडीचा मॉडेल नंबर आणि साइज दिसत असेल तर तुमची एसएसडी जिवंत आहे, जोडणी बरोबर आहे, बदलून आणायला जाऊ नका, पेन ड्राइव्ह लावून विंडोज टाकायला घ्या.

त्या पानावरही नसेल तर मग कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, आत बघायचं. आणि इथे मला एसएसडी विकणाऱ्यांवर आणि बोर्ड बनवणाऱ्यांवर खरोखर राग काढायचा आहे. एम डॉट टू हा फक्त आकार आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून २२८०, ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी पाटी आपण बघतो ती. पण त्याच आकारात दोन वेगळ्या जाती मिळतात, एक साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) आणि एक एनव्हीएमई (नवी, वेगवान). साटावाली साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास अडकते, एनव्हीएमई पीसीआय एक्सप्रेसवर (बोर्डावरचा वेगवान मार्ग) चालते आणि जेन ३ मध्येच, म्हणजे त्याच्या तिसऱ्या पिढीतच, ३५०० पर्यंत जाते, जेन ४ मध्ये ७००० च्या घरात. स्पीडचं सोडा हो, खरी गंमत अशी की साटावाली पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रू लागतो, सगळं छान दिसतं, आणि तो स्लॉट साटा चालवत नसेल तर बायोसला ती कधीच दिसणार नाही. उलटंही होतं, जुन्या काही लॅपटॉपमध्ये स्लॉट फक्त साटाचा असतो आणि लोक त्यात एनव्हीएमई लावून बसतात. खाचा मोजून ओळखा असं काही जण सांगतात, दोन खाचा म्हणजे साटा आणि एक खाच म्हणजे एनव्हीएमई, ते बहुतेक वेळा खरं निघतं पण नेहमी नाही, दोन खाचांच्या एनव्हीएमईही आहेत. त्यामुळे लेबल वाचा, आणि लेबलवर बारीक अक्षरात असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटात लावली तर मात्र काही बिघडत नाही, कमी स्पीडने चालते पण दिसते.

दुसरं, बोर्डावर तीन स्लॉट आहेत म्हणजे तिन्ही कायम चालू असतील असं नाही. पीसीआयच्या लेन (डेटा जायच्या वाटा) मोजक्या असतात आणि बोर्डवाले त्या वाटून वापरतात. कितीतरी बोर्डांवर दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये काही लावलं की साटाचे एकदोन पोर्ट आपोआप बंद पडतात, मग माणूस म्हणतो नवीन एसएसडी लावली तर जुनी हार्ड डिस्कच गायब झाली. इंटेलच्या ५०० सिरीजच्या बऱ्याच बोर्डांचं तर आणखी मजेशीर, प्रोसेसरजवळचा पहिला एम डॉट टू स्लॉट ११ व्या पिढीचा प्रोसेसर असेल तरच चालतो, त्याच बोर्डावर १० व्या पिढीचा प्रोसेसरही बसतो आणि चालतो, पण मग तो स्लॉट मेलेला. आणि कुठलाही माणूस एसएसडी पहिल्याच स्लॉटमध्ये लावणार ना! हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, नाही असं नाही, पण टेबलाखालच्या तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणून आधी एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यानं निम्मी भांडणं मिटतात.

बसवण्याबद्दल थोडं. एम डॉट टूची पट्टी तिरकी आत सरकवायची, पूर्ण आत जाईपर्यंत, मग दाबून आडवी करून स्क्रू लावायचा. ती अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली तरी दिसत नाही. स्क्रूखालचा छोटा पितळी खांब योग्य भोकात नसेल तर पट्टी वाकते आणि कॉन्टॅक्ट सुटतो. साटाच्या अडीच इंची एसएसडीला दोन वायरी लागतात, एक डेटाची आणि एक पॉवरची, पॉवरची विसरणारे भरपूर आहेत. आणि एक धोक्याची गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगतो, मॉड्युलर (सुट्या वायरींच्या) पॉवर सप्लायच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्याला लावू नका, एसएसडीकडचं टोक सारखंच असतं पण सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि मग ड्राइव्ह खरोखरच जळते.

हे सगळं करून झालं तरी नाही दिसली तर बोर्डाचं बायोस अपडेट करा, आणि मग ती एसएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये किंवा यूएसबीच्या केसमध्ये टाकून बघा (केस घेतानाही तेच, साटाची वेगळी आणि एनव्हीएमईची वेगळी, दोन्ही चालवणारी पण मिळते). तिथेही मेलेली असेल तर खुशाल बदलून आणा, आता तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे.

राहिली मधली जागा आणि हीच हल्ली सगळ्यात जास्त छळते, विशेषतः लॅपटॉपवाल्यांना. बायोसमध्ये एसएसडी नाव-गाव-साइजसकट दिसते, पेन ड्राइव्हवरून विंडोजचं इन्स्टॉलेशन सुरू होतं, आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी, ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर द्या असं म्हणतं. इथे बहुतेक वेळा कारण असतं इंटेलचं व्हीएमडी. ११ व्या पिढीपासूनच्या कितीतरी इंटेल लॅपटॉपमध्ये हे कारखान्यातूनच चालू करून येतं, त्यात एसएसडी सरळ विंडोजच्या समोर न येता इंटेलच्या कंट्रोलरच्या मागे राहते आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बऱ्याचदा इन्स्टॉलरमध्ये नसतो. यावर उपाय दोन. एक म्हणजे लॅपटॉप किंवा बोर्ड कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि त्याच पानावरच्या लोड ड्रायव्हरवर क्लिक करून तो फोल्डर दाखवायचा. इथे लोक अडकतात ते यासाठी की साइटवरून उतरते ती सेटअपची ईएक्सई फाइल, ती इन्स्टॉलरला कळत नाही, त्याला आतली आयएनएफ फाइल हवी असते, म्हणजे आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उलगडून घ्यावी लागते. दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचं, एकच एसएसडी असेल आणि रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरणं) वगैरे भानगड नसेल तर काही नुकसान होत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, ज्या लॅपटॉपमध्ये विंडोज आधीच टाकून आलंय तिथे व्हीएमडी सहज म्हणून बंद करू नका. पुढच्या वेळी निळा स्क्रीन येतो, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून, आणि माणूस घाबरून सगळं फॉरमॅट करायला निघतो, खरं तर परत चालू केलं की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. तसंच बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा. नवीन विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो, आणि बायोस बदललं की ४८ आकडे मागतो. ते आकडे त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन सापडतात, पण तो अकाउंट कुणाच्या मेलवर काढला होता हेच घरात कुणाला आठवत नाही.

लिनक्स टाकणाऱ्यांनाही हेच भूत दिसतं, बायोसमध्ये स्टोरेजचा मोड आरएसटी (तेच इंटेल रॅपिड स्टोरेज) किंवा रेडवर असेल तर इन्स्टॉलरला एनव्हीएमई ड्राइव्ह दिसत नाही, एएचसीआय हा साधा मोड केला की दिसते. आणि ज्यांना अजून विंडोज ७ च हवंय त्यांच्यासाठी, त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाहीच, विंडोज ८.१ पासून आला, तेव्हा तिथे एसएसडीला दोष देऊ नका.

आता संपादक साहेब, आपल्याकडे एक विनंती. आपण नवीन लॅपटॉप, नवीन एसएसडी यांची परीक्षणं छापता तेव्हा त्यात दोन ओळी या गोष्टींच्या पण टाका, स्लॉट किती, त्यातला कुठला साटा चालवतो, कुठला लावला की काय बंद होतं, व्हीएमडी चालू येतं का. कंपन्यांनीही खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त स्पीड न छापता एनव्हीएमई की साटा हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं, फार काही मागत नाहीये. आणि दुकानदार मंडळींनी गिऱ्हाईक परत आलं की सील तुटलंय म्हणून हात वर करण्याआधी किंवा न बघता दुसरी एसएसडी हातात देण्याआधी त्याला बायोसच्या स्टोरेजच्या पानाचा फोटो काढून आणायला सांगावं. फोनमधून काढलेला चालतो.

आपला,
एक नियमित वाचक