त्रिंकोमालीची वही

सातारा,
भाऊबीज, २९ ऑक्टोबर २०१९

प्रिय शंकर,

रामराम.

तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उलट एकही केला नाही, सहा महिने झाले. चुकलंच माझं. गुडघा तसाच आहे, साखर गोळीवर आहे, हिची पाठ आता बरी. तब्येतीचं एवढंच.

आज लिहायला बसलो तो एका वाक्यामुळं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाकट्याचा न्यू जर्सीहून फोन आला. आयसिस या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या बगदादी मारला गेल्याची बातमी नुकतीच आली होती. मी त्याला म्हटलं, त्या माणसाचा माग काढायला सीरियातल्या ज्या कुर्दांनी मदत केली, त्यांनाच तुमच्या ट्रम्पनी तीन आठवड्यांमागं फौज काढून घेऊन वाऱ्यावर सोडलं. पोरगं शांतपणे म्हणालं, "पप्पा, दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरं किती दिवस मरायची? फौज कधीतरी घरी यायचीच की."

शंकर, हे वाक्य कुणाचं ते तुला सांगायला नको. १९९० च्या मार्चमध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेतनं परत निघाली तेव्हा त्रिंकोमालीच्या, आपल्या त्रिंकोच्या, जेटीवर सामान रचताना मी तुला हेच म्हणालो होतो, जवळजवळ शब्दाला शब्द. त्यावर मद्रास येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस आणि सेंट्रल स्टेशनवर स्वतःच्या चहाचे पैसे वेगळे दिलेस. त्या चहाचा मला अजून राग आहे, सांगून ठेवतो. पण माझंच वाक्य पोराच्या तोंडून ऐकलं आणि मला पुढं बोलता येईना. "फराळाचं पार्सल पोचलं का?" एवढं विचारून फोन ठेवला. दोन रात्री झोप नाही.

हा महिनाभर मी त्याच बातम्या बघतोय. घरातले विधानसभेच्या निकालाच्या गडबडीत, कोण मुख्यमंत्री होणार यावर पैजा लागलेल्या, आणि मी एकटा सीरियाचा नकाशा घेऊन बसलेला. ही म्हणते, तुमचं तिथं कोण आहे? काय सांगणार. २१ तारखेला मी मत देऊन घरी आलो आणि त्याच दिवशी कामिश्ली गावातनं अमेरिकेच्या गाड्यांचा ताफा निघाला. रस्त्याच्या कडेला उभी माणसं त्या गाड्यांवर बटाटे मारत होती. कालपरवापर्यंत याच माणसांची पोरं त्या गाड्यांच्या पुढं चालत होती. ते चित्र बघितलं आणि मला त्रिंकोची जेटी आठवली. आपल्यावर कुणी काही फेकलं नव्हतं. आपल्याकडं नुसतं बघत होते.

तू म्हणशील, दोन्हींत फरक आहे. आहेच. पोरगं जे बोललं ते सगळंच खोटं नाही, हेही आधी मान्य करतो. अमेरिकेनं कुर्दांना देश देतो म्हणून कधी कबूल केलं नव्हतं. तुर्कस्तान नाटोमधला त्यांचा जुना सोबती. सीरियातल्या या कुर्दांचे धागे पीकेके या तुर्कस्तानातल्या बंडखोर कुर्द संघटनेशी जुळलेले, आणि पीकेकेची तुर्कांशी लढाई १९८४ पासून चाललेली, चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेलीत त्यात. तुर्की सैनिकाच्या आईलाही तिचं दुःख आहे, ते मी नाकारणार नाही. आणि परक्या मुलखात हजारभर सैनिक ठेवायचे ते कुठवर, हा प्रश्न ज्याचं पोरगं तिथं आहे त्या बापानं विचारायलाच हवा. माझ्या आईनं रोज विचारला होता.

पण हिशोब दुसऱ्या बाजूनंही मांड. २०१४ च्या सप्टेंबरात सीरियातल्या कोबानीला आयसिसचा वेढा पडला तेव्हा सगळं जग म्हणत होतं, गाव आज पडतं की उद्या. त्या पोरापोरींनी घराघरातनं लढून पुढच्या जानेवारीत गाव सोडवलं. वरनं अमेरिकेची विमानं, खाली चालणारे पाय यांचे. मग रक्का, मग या मार्चमध्ये आयसिसच्या हातातलं शेवटचं गाव बागूझ. अकरा हजारांच्या आसपास माणसं गेली त्यांची. तिथं अमेरिकेचे किती गेले ते बोटांवर मोजता येतील. आणि यावर त्यांचे अध्यक्ष म्हणतात, कुर्द काही दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला आमच्या मदतीला आले नव्हते! मी टीव्हीसमोर उभाच राहिलो, शंकर. इराकमधल्या कूतला आपली माणसं कुणाच्या मदतीला गेली होती? रजेवर असताना आपण अपशिंग्याला ती पहिल्या महायुद्धाची पाटी बघायला गेलो होतो, आठवतं? १९१६ च्या एप्रिलमध्ये कूतला मराठा पलटणी शरण गेल्या, आणि तिथल्या हिंदी कैद्यांना तुर्कांनी रेल्वेच्या कामाला नेलं ते रास अल ऐनला. तेच रास अल ऐन, जिथं या महिन्यात बाँब पडले. कुर्द त्याला सेरेकानिये म्हणतात. नकाशात ते नाव सापडलं तेव्हा बोट तिथंच ठेवून मी किती वेळ बसलो असेन.

आता खरं बोलतो. फौज परत आली याचा मला राग नाही. तुझं-माझं भांडण होतं ते इथंच, आणि तेव्हा तू काय म्हणत होतास ते मला आत्ता कळलंय. तू कधी राहूया म्हणालाच नव्हतास. तू म्हणत होतास, जायचं तर जाऊ, पण आपल्या शब्दावर जे उघडे पडलेत त्यांची सोय लावून जाऊ. मी तीस वर्षं समजत आलो की शंकरला राहायचं होतं.

ऑगस्टमध्ये काय झालं ते ऐक. अमेरिकेनं तुर्कांशी बोलणी केली आणि कुर्दांना सांगितलं, सरहद्दीवरचे तुमचे मोर्चे काढा, खंदक बुजवा, मोठी हत्यारं मागं न्या, म्हणजे तुर्कांना भीती राहणार नाही. आम्ही आहोत. त्यांनी ते केलं. ताल अब्यद आणि रास अल ऐनचे मोर्चे त्यांनी स्वतःच्या हातानं मोडले. ६ ऑक्टोबरला दोन अध्यक्षांचा फोन झाला, दुसऱ्या दिवशी त्याच दोन गावांजवळच्या चौक्यांतनं अमेरिकन उठले आणि ९ तारखेला तुर्कांचा हल्ला आला. तू आणि मी खंदक खणलेत. ओल्या मातीत कंबर मोडून खणलेला खंदक दुसऱ्याच्या शब्दावर बुजवायचा म्हणजे काय, ते न्यू जर्सीत बसलेल्या पोराला मी कसं समजावू?

तिथल्या एका अमेरिकन सैनिकानं नाव न देता पत्रकाराला सांगितलं की नोकरीत पहिल्यांदाच मला माझी लाज वाटतेय. त्यांच्या प्रतिनिधीगृहानंसुद्धा ३५४ विरुद्ध ६० मतांनी या माघारीचा निषेध केला. मॅटिस तर गेल्या डिसेंबरातच संरक्षणमंत्रिपद सोडून गेले. सोबत्यांचा मान राखला पाहिजे असं त्यांनी राजीनाम्यात लिहिलं. म्हणजे कळत सगळ्यांना होतं. दीड लाखाहून जास्त माणसं घरं सोडून निघाली. शेवटी कुर्दांच्या सेनापतीला, मझलूम अब्दीला, सीरियाचे अध्यक्ष असद आणि रशिया यांच्या दारात जावं लागलं. तडजोड आणि वंशसंहार यांतलं एक निवडायचं तर आम्ही आमच्या माणसांचं जगणं निवडू, असं त्यानं लिहिलं. आज संध्याकाळी रशिया आणि तुर्कस्तानमधल्या सोचीच्या करारातली दीडशे तासांची मुदत संपतेय, तोवर त्यांनी सरहद्दीपासून तीस किलोमीटर मागं सरकायचं. घरात भाऊबीजेची ताटं तयार होतायत आणि माझं लक्ष घड्याळाकडं.

आणि त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदा नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हरच्या तहात कुर्दांचं नाव होतं, १९२३ च्या लोझानच्या तहात ते गळलं. १९४६ ला इराणात महाबादला त्यांचं राज्य उभं राहिलं ते रशियाच्या आधारावर. रशियन फौज गेली, वर्षसुद्धा पुरं झालं नाही, आणि त्या राज्याचे प्रमुख काझी मुहम्मद यांना फाशी झाली. १९७५ मध्ये इराणचा शहा आणि सद्दाम यांनी अल्जिअर्सला हात मिळवले आणि इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानी यांची रसद रातोरात बंद. डोंगराशिवाय आपल्याला दोस्त नाही, अशी म्हणच आहे त्यांच्यात. रास अल ऐनला डोंगरही नाही रे, सगळं सपाट.

मध्येच एक सांगतो, तू हसशील. बगदादी तोच आहे याची खात्री करायला कुर्दांच्या हेरानं त्याची वापरलेली चड्डी पळवून आणली, डीएनए तपासायला. कालच त्यांच्या माणसानं जाहीर केलं. वाचल्या वाचल्या मला आपले सुभेदारसाहेब आठवले. जाफन्याला त्यांची वाळत घातलेली चड्डी माकडानं नेली तेव्हा त्यांनी अख्ख्या सेक्शनला झाडाखाली फॉलीन केलं होतं! तू तर माकडाचा वायरलेस कॉलसाइनसुद्धा ठरवलास. मी एकटाच हसत होतो, ही स्वयंपाकघरातनं बघायला आली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते.

थंबी आठवतो ना. कसा विसरशील, तूच त्याला "चला जेवायला" शिकवलंस आणि तो आपल्या साऱ्या वायरलेस सेटला हेच बोलून उठवायचा. सतरा वर्षांचं पोर, कानाला हेडफोन लावून एलटीटीईच्या तमिळ वाघांचं बोलणं ऐकायचं आणि मोडक्या हिंदीत आपल्याला सांगायचं. त्याच्यामुळं किती रात्री आपण वाचलो, ते तू आणि मीच जाणतो. अशा ऐकणाऱ्या पोरांची वही माझ्याकडं होती. नाव, बापाचं नाव, गाव, पगार, सगळं माझ्या अक्षरात. तू म्हणालास जाळ. मी म्हणालो सरकारी कागद आहे, जमा होईल. ती पेटीत घातली. पेटीला कुलूप लावलं. पण ती पेटी जहाजावर चढताना मी बघितली नाही, शंकर. कुठं गेली ते मला आजतागायत माहीत नाही. हे मी तुला कधी बोललो नाही.

आणि दुसरं. शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी थंबी माझ्याकडं आला. "मी पण येऊ?" इतकंच विचारलं. मी म्हणालो, साहेबांना विचारतो. मी विचारलंच नाही. विचारलं आणि नाही म्हणाले असं नाही. विचारलंच नाही. रजेचं डोक्यात होतं, आई आजारी होती, आणि मनात तेच वाक्य, दुसऱ्याचं भांडण. दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून कळलं असेल. २४ मार्चला आपलं शेवटचं जहाज निघालं.

पुढचं तुला ठाऊक आहे. आपण बंदुका देऊन उभी केलेली ती तिथली तमिळ पोरं, त्यांतली किती तर घराघरातनं ओढून आणलेली, वाघांनी एकेक गाठून संपवली. जूनमध्ये आपल्या बाजूच्या ईपीआरएलएफ या तमिळ पक्षाचे नेते पद्मनाभ यांना तर खुद्द मद्रासमध्ये येऊन मारलं. पण त्यांच्या पक्षाची बरीच माणसं बायकापोरांसह जहाजानं इकडं आणून ओडिशात मलकानगिरीला ठेवली होती. हे मी फार उशिरा वाचलं. म्हणजे जहाजात जागा होती. मी विचारलं असतं तर त्यातली एक त्याला मिळाली असती, हे आता मनातनं जात नाही.

धाकट्याला काय सांगू? तो बरोबर प्रश्न विचारतोय आणि मी त्याला अर्धंच उत्तर देऊ शकतो. सगळं सांगायचं तर वहीचं सांगावं लागेल. हिलाही माहीत नाही. तुला आधी सांगावंसं वाटलं, कारण तुला शिव्या द्यायचा हक्क आहे. फोनवर दे, मी उचलीन, शपथ.

तुझं सोयाबीन या पावसानं गेल्याचं कळलं. पंचनाम्याला कुणी आलं का? बोअरला पाणी आहे ना? पोरीच्या लग्नाची तारीख ठरली की आधी मला कळव, आठवडाभर आधी येतो, मांडवाचं सगळं माझ्याकडं. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम कर. सेटजवळ बसलेला आपला तिघांचा फोटो तुझ्या ट्रंकेत असणार. त्याच्या मागं थंबीनं तमिळमध्ये काहीतरी लिहिलं होतं, नाव आणि गाव असावं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठव. इथं बँकेत एक तमिळ बाई बदलून आल्यात, त्यांच्याकडनं वाचून घेतो. गाव कळलं तर मी जाणार आहे.

तुझा,
बाबू