जुन्या डिझेल ट्रकचे घरगुती भाग : जाडीपेक्षा जागा महत्त्वाची

महोदय,

जुन्या डिझेल ट्रकला घरच्या शेडमध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) किंवा मोठा रेडिएटर बसवण्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. कोणता टर्बो घ्यावा, ताकद किती वाढते, याची चर्चा त्यात भरपूर असते. हे सगळे जागेवर धरून ठेवणारे ब्रॅकेट (आधाराचे भाग), फ्लँज (बोल्टने आवळायची जोडाची सपाट प्लेट) आणि पाइप कसे बनवायचे, यावर मात्र दोन ओळीही नसतात. खरे तर घरी बनवावे लागते ते एवढेच. बाकीचे तयार मिळते. हे भाग तुटतात ते पत्रा पातळ होता म्हणून क्वचितच. तापल्यावर वाढायला आणि इंजिनाबरोबर हलायला त्यांना जागा ठेवलेली नसते, म्हणून ते तुटतात. जाड प्लेट वापरली की काम भक्कम झाले, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

एक्झॉस्टपासून सुरुवात करू. ७०० मिमी लांबीचा मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा भाग) चढावर ५०० अंशांनी तापला, तर साध्या पोलादाचा असल्यास तो सुमारे ४ मिमी लांबतो, ३०४ स्टेनलेसचा असल्यास ६ मिमी. ज्या हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) तो बसतो ते पाण्याने थंड राहते आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. ही तफावत कुठे तरी निघणारच. भोके बोल्टला घट्ट बसणारी असतील तर शेवटचा बोल्ट कापला जातो किंवा टोकाच्या पोर्टजवळचे (धूर बाहेर पडण्याच्या तोंडाजवळचे) वेल्डिंग फाटते. म्हणून एम १० (१० मिमी जाडीच्या) बोल्टसाठी मधल्या पोर्टची भोके ११ मिमीची ठेवावीत आणि दोन्ही टोकांची लांबीच्या दिशेने १४ मिमीपर्यंत लांबट करावीत. सगळ्या पोर्टना मिळून एकच अखंड पट्टी करण्यापेक्षा प्रत्येक पोर्टला स्वतंत्र फ्लँज द्यावा.

मूळ बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड शाबूत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : तो काढूच नये. त्यावर फक्त टर्बोसाठी अडॅप्टर बनवावा. वेल्डिंग करून जोडलेला नळ्यांचा मॅनिफोल्ड दिसायला देखणा असतो, पण रोज भार ओढणाऱ्या ट्रकवर बीडच टिकते. टर्बोचे वजनही त्या नळ्यांवर टांगू नये. आधार द्यायचा तो इंजिनाच्या ब्लॉकवरून, चासीवरून कधीच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते आणि चासी वेगळी हलते. ज्या भागाचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे चासीला कडक बांधले आहे, तो आज ना उद्या मोडतो.

फ्लँजसाठी १२ मिमीची प्लेट पुरते. वेल्डिंग करताना तो वाकतो, म्हणून आधी जाड सपाट प्लेटवर बोल्टने आवळावा किंवा दोन फ्लँज पाठीला पाठ लावून बांधावेत. चार ठिकाणी टाके मारून मग समोरासमोरचा एकेक छोटा भाग जोडत जावे. एका दमात गोल फिरून वेल्डिंग केले, तर फ्लँज हमखास ताटलीसारखा होतो. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नयेत. नंतर सरळ पट्टी लावून खालून ०.१ मिमीचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहावे. ते कुठेही आत गेले, तर फेसिंग करून (यंत्रावर पृष्ठभाग सपाट करून) घ्यावे. दुहेरी गॅस्केट (जोड बंद करणारा थर) घालून ती फट बुजवू नये. काही दिवसांत तिथूनच गॅस्केट जळते.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), स्टिअरिंग पंप यांच्या ब्रॅकेटची गोष्ट उलटी. तिथे वाढण्याचा प्रश्न नाही, थरथरण्याचा आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर सेकंदाला २५ धक्के देते, २४०० फेऱ्यांवर ८०. एका बाजूने धरलेली लांब प्लेट यापैकी कोणत्या तरी वेगाला सूर लावून थरथरू लागते आणि मग तिची जाडी कामी येत नाही. १६ मिमीच्या एका प्लेटपेक्षा ८ मिमीच्या दोन प्लेट समांतर ठेवून मध्ये नळीचे तुकडे घातलेले बंद ब्रॅकेट वजनात जवळपास तेवढेच असून कितीतरी ताठ राहते. ब्लॉकवर ते किमान तीन बोल्टांवर बसावे, आणि ते तिन्ही एका रेषेत नसावेत.

माप घेताना आधी पुठ्ठा, मग प्लायवूड आणि शेवटी प्लेट हा क्रम चुकवू नये. पुठ्ठ्यावर भोके जुळतात, पण पाना फिरायला जागा आहे का, पट्टा बदलताना पुली निघते का, हे प्लायवूडचा साचा गाडीवर लावल्याशिवाय कळत नाही. गॅसने कापलेली कड कडक आणि खाचदार असते. ती ग्राइंडरने दोन मिलिमीटर आत जाईपर्यंत काढावी, कारण चीर तिथून सुरू होते. भोके गॅसने पाडूच नयेत. पंच मारून ५ मिमीचे ड्रिल, मग अंतिम मापाचे, आणि दोन्ही बाजूंची बर (धारदार कड) काढलेली. एम १० गुणिले १.५ चे आटे पाडायचे असतील तर ८.५ मिमीचे ड्रिल. बिडात आटे किमान १५ मिमी खोल धरले जावेत, ॲल्युमिनियममध्ये २०. ८.८ प्रतीचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) एम १० बोल्ट ४५ ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. पट्टा ताणायला एकाच बोल्टला लांबट खाच ठेवावी. दोन्हीकडे खाचा ठेवल्या तर पुली तिरकी होते आणि पट्टा कडेने खाल्ला जातो.

टर्बोतून इंटरकूलरकडे जाणाऱ्या हवेचे तापमान लोकांना ठाऊक नसते. बाहेर ३० अंश असताना १ बार दाबाला ही हवा १२० ते १३० अंशांवर पोचते. साधा रबरी होज तिथे मऊ पडतो, म्हणून सिलिकॉनचाच हवा. हवेत तेलाचा अंश येत असेल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला. त्याच १ बार दाबाला ६३ मिमीच्या पाइपवर सुमारे ३० किलोचा जोर येऊन दोन टोके एकमेकांपासून ढकलली जातात. गुळगुळीत पाइपवर क्लॅम्प कितीही आवळला तरी होज सटकतो आणि गाडी चढावर काळा धूर सोडत मरगळते. पाइपच्या टोकाला दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा गोल उंचवटा काढावा. तसे यंत्र नसेल तर वेल्डिंगचा बारीक गोल फेरा मारून तो कानशीने गुळगुळीत करावा. क्लॅम्प उंचवट्याच्या मागे, म्हणजे पाइपच्या टोकापासून दूरच्या बाजूला, टी-बोल्ट प्रकारचा. होजच्या आत दोन पाइपांमध्ये २० ते २५ मिमी मोकळी जागा ठेवावी; इंजिन डोलते ते या जागेतच सामावते.

पाइपच्या आतला वेल्डिंगचा कण सर्वांत घातक. इंटरकूलरनंतरच्या पाइपला जाळी नाही, फिल्टर नाही, पुढे थेट सिलिंडर. दीड मिलिमीटर जाडीच्या नळीला टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडचे) उत्तम. मिगने (तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगने) केले असेल तर आतून तारेच्या ब्रशने घासून, ठोकून, हवा मारून मगच पाइप चढवावा.

टर्बोच्या तेलाची परतीची नळी हा मोठ्या घोळाचा विषय. परत येणारे तेल फेसाळलेले आणि दाबाविना असते, ते फक्त उतारावर वाहते. नळीचे आतले माप १९ मिमीपेक्षा कमी नको, उभ्या रेषेपासून ती ३५ अंशांपेक्षा जास्त कललेली नको, मध्ये कुठे खोलगट वळण नको, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) ती तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. यातले एक जरी चुकले तरी तेल टर्बोत तुंबते, सीलमधून निघते आणि निळा धूर येतो. मग चांगला टर्बो खराब ठरवून बदलला जातो. तेल आणणाऱ्या बारीक नळीच्या आट्यांना टेप गुंडाळू नये. टेपचा एक तुकडा बेअरिंगचे तेल अडवायला पुरतो.

पहिलेच काम करणाऱ्याने टर्बोला हात लावण्याआधी रेडिएटरच्या पंख्याचा घेर बनवावा. १.२ मिमीचा पत्रा, पात्याची अर्धी ते दोन तृतीयांश रुंदी घेराच्या आत, आणि पात्याच्या टोकापासून चहूबाजूंनी २० ते २५ मिमी अंतर. जुन्या गाडीवर हा घेर बहुधा गायब झालेला असतो आणि तो परत बसवल्यावर तापमानात पडणारा फरक लगेच दिसतो.

पंपातून इंधन वाढवणे सर्वांत शेवटी, आणि एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर बसवल्यावरच. त्याचा प्रोब (तापमान जाणणारे टोक) टर्बोच्या आधी हवा. मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडावे, म्हणजे कीस टर्बोत जात नाही. सतत भारावर काटा ७०० अंशांच्या खाली राहिला पाहिजे.

काही भाग घरी बनवायचेच नाहीत. स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकच्या नळ्या, इंजेक्टरचे दाबाचे पाइप. त्या पाइपमधली बारीक फवारणी कातडी भेदून आत शिरते आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नको आणि वेल्डिंग नको; जोडायचे ते उभ्या भिंतीतल्या कंपनीच्या भोकांतून, बोल्टने. डिझेलची टाकी रिकामी करून धुतली तरी तिला वेल्डिंग करू नये, आत उरलेली वाफ पेटते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केले तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, तेव्हा वेल्डिंगआधी पुसायला ॲसिटोन घ्यावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच काम सुरू करावे. जस्ताचा थर असलेला पत्रा जोडापासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत घासून काढावा. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरी व अल्टरनेटरच्या वायरी सोडाव्यात आणि अर्थचा चिमटा जोडाच्या शेजारीच लावावा. तो लांब लावला तर करंट व्हील बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पाडतो.

सगळे बसल्यावर इंजिन एकदा पूर्ण तापवून पूर्ण थंड करावे आणि एक्झॉस्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट नुसता आवळून भागवू नये. ब्रॅकेट उतरवून वेल्डिंगच्या कडेला चीर शोधावी.

आपला,
एक वाचक