तरुण रेसरची निवड: चषकांपेक्षा चाचणी पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूरचा एखादा मुलगा परदेशात रेस जिंकला की चषक उंचावलेला त्याचा फोटो सगळीकडे छापून येतो. पुढे त्याच कात्रणांच्या फायलीवर प्रायोजक मिळतात, शिष्यवृत्त्या ठरतात, पुरस्कार जाहीर होतात. आम्ही काही जण रेसिंगच्या गाड्यांची तयारी, डेटाचे वाचन आणि मुलांचे प्रशिक्षण ही कामे करतो. या खेळात कात्रणांवरून निवड केली, की बहुतेक वेळा सर्वांत चांगली गाडी ज्याच्या घराला परवडली त्याची निवड होते, म्हणून हे पत्र.

शंभर मीटर धावणाऱ्याची वेळ त्याच्या स्वतःच्या पायांची असते. रेसरच्या वेळेत इंजिन, टायर, मेकॅनिक, इंजिनिअर आणि हंगामाआधी विकत घेतलेले सरावाचे दिवस असे सगळेच मिसळलेले असते. पुरस्कार देणाऱ्याचे काम एकच: हे सगळे वजा करून चालक किती उरतो ते शोधायचे.

ब्रिटनमध्ये यासाठी कसाला उतरलेली पद्धत आहे. ‘ऑटोस्पोर्ट’ हे नियतकालिक आणि ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब यांच्या नावाचा तरुण ब्रिटिश चालकांसाठीचा एक पुरस्कार १९८९ मध्ये सुरू झाला. त्याच्या नावात कधी मॅक्लारेन, तर कधी ॲस्टन मार्टिन आले. पहिला विजेता डेव्हिड कुल्टहार्ड, जो पुढे फॉर्म्युला वनमध्ये पोचला. १९९२ मध्ये डारिओ फ्रँकिटीला तो मिळाला. पुढे त्याने इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली नामांकित शर्यत तीनदा जिंकली. १९९८ चा विजेता जेन्सन बटन २००९ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. २०१२ चा जेक डेनिस फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेचा विजेता ठरला. २०१४ मध्ये जॉर्ज रसेलला हा पुरस्कार मिळाला तेव्हा तो १६ वर्षांचा होता, आणि २०१६ चा लँडो नॉरिस २०२५ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता आहे. काही विजेत्यांची वाटचाल मधेच थांबली, हेही खरे. तरीही इतक्या लहान वयात केलेल्या निवडी इतक्या वेळा बरोबर ठराव्यात, याचे श्रेय आम्ही चाचणीला देतो.

तिथे हंगामाच्या निकालांवरून फक्त अंतिम स्पर्धक ठरतात, सहसा चार. त्यानंतर सिल्व्हरस्टोनवर दोन दिवसांची चाचणी होते. गाड्या सर्वांना सारख्या आणि प्रत्येकाला एकाहून अधिक जातींच्या: एक फॉर्म्युला टू ची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) एकआसनी, एक जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली) आणि अलीकडच्या वर्षांत एक लिजिए कंपनीची एलएमपी३ (लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी खास बांधलेली). शिवाय सिम्युलेटर आणि शारीरिक क्षमतेची तपासणी. परीक्षक माजी रेसर आणि इंजिनिअर. फॉर्म्युला वनमधले माजी चालक डेरेक वॉरिक यांनी बरीच वर्षे मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले.

वेगवेगळ्या जातींच्या गाड्या का, ते ब्रेकच्या पायावरून कळते. पंख असलेल्या एकआसनीत डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वेग जास्त असताना ब्रेकवर पहिला दाब पूर्ण जोराचा लागतो, आणि वेग उतरेल तसा पाय अलगद सोडत आणावा लागतो. उशीर झाला की पुढचे चाक लॉक होऊन टायरवर सपाट चट्टा पडतो. जीटी३ गाडी १,३०० किलोच्या आसपास, वर एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). तिच्यात एबीएस सुरू होण्याच्या काठावर दाब धरून ठेवावा लागतो; नुसता पाय रोवला तर गाडी वळणात शिरायला नाखूश होते. ब्रेकच्या दाबाचा आलेख पाहिला की कोण एकाच गाडीची सवय सगळीकडे वापरतो आहे आणि कोण तिसऱ्या-चौथ्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) पाय बदलतो आहे, हे सरळ दिसते. एकाच मालिकेत चार हंगाम काढलेला मुलगा त्या मालिकेच्या गाडीत वेगवान असणारच. अनोळखी गाडीत त्याला स्वतःच्या सर्वोत्तम वेळेच्या अर्ध्या सेकंदाजवळ यायला किती लॅप लागतात, तो आकडा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

आता सारखी गाडी दिली म्हणजे चाचणी न्याय्य झाली, असे नाही. सकाळचा ट्रॅक थंड आणि धुळीचा असतो. दिवसभरात त्यावर रबर बसते आणि वेळा आपोआप उतरतात. म्हणून एक अनुभवी चालक संदर्भासाठी लागतो, आणि त्याने प्रत्येक सत्राआधी त्याच गाडीत चार-पाच लॅप काढायला हव्यात. समजा त्याची सकाळची वेळ १ मिनिट ५०.० सेकंद आणि दुपारची १ मिनिट ४९.४ सेकंद. सकाळी एका मुलाने १:५०.३ केली आणि दुपारी दुसऱ्याने १:४९.९. कागदावर दुसरा ०.४ सेकंदाने पुढे. संदर्भाशी ताडून पाहिले तर पहिला ०.३ ने मागे आहे आणि दुसरा ०.५ ने, म्हणजे पहिलाच सरस. संदर्भ चालक नेमला नाही तर ही निवड उलटी होते, आणि कुणाला कळतही नाही.

वाऱ्याचेही तसेच. सिल्व्हरस्टोन हे जुन्या विमानतळाचे उघडे पठार. ताशी २०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला समोरून ताशी २० चा वारा मिळाला तर डाउनफोर्स सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. तोच पाठीमागून आला तर १९ टक्क्यांनी घटतो. त्याच वळणात एका मुलाची गाडी चिकटून जाते आणि तासाभराने दुसऱ्याची घसरते. सत्रागणिक वाऱ्याची दिशा आणि वेग लिहून ठेवायला एक वही पुरते, पण ती वही ठेवणारा माणूस नेमावा लागतो.

टायरची नवी जोडी पहिल्या दोन-तीन चांगल्या लॅपमध्ये सर्वाधिक पकड देते, म्हणून प्रत्येकाला सारख्याच वापराच्या जोड्या हव्यात. चालकांची वजने वेगळी, तर हलक्याच्या गाडीत शिसे बसवावे लागते. आसनाकडे तर हमखास दुर्लक्ष होते. दुसऱ्याच्या मापाच्या आसनात मुलगा ब्रेक मारताना पुढे सरकतो, मग तो स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो आणि हात जड होतात. फोमचे आसन आदल्या दिवशीच प्रत्येकाच्या मापाने ओतून घ्यावे.

या सगळ्याइतकाच महत्त्वाचा, आणि आपल्याकडे जवळपास कुणीच न घेणारा भाग म्हणजे गाडीबद्दल मुलगा काय सांगतो याची परीक्षा. ती अशी घ्यावी. दोन सत्रांच्या मध्ये चालकाला न सांगता एकच गोष्ट बदलायची: मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा) एक पायरी कडक, किंवा मागच्या पंखाचा कोन एक अंशाने कमी, किंवा मागच्या टायरमध्ये २ पीएसआय हवा जास्त. एखाद्या वेळी काहीच बदलायचे नाही. मग पाच लॅप झाल्यावर विचारायचे. “गाडी मागून हलते आहे” हे उत्तर अपुरे आहे. कुठे हलते? संथ वळणातून ॲक्सिलरेटर देताना मागचे टोक सुटते, पण वेगवान वळणात गाडी ठाम आहे, असे मुलगा म्हणाला, तर दोष यांत्रिक बाजूला आहे हे इंजिनिअरला कळते आणि तो बारकडे जातो. वेगवान वळणात शिरतानाच मागचे टोक हलके वाटते, पण संथ वळणात काही फरक नाही, असे म्हणाला तर तो पंखाकडे जातो. पहिल्या दोन लॅप बऱ्या होत्या, नंतर घसरण वाढत गेली, हे ऐकले की टायरचा दाब तपासायचा. काहीही बदललेले नसताना जो ठामपणे “फरक नाही” म्हणतो त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ. परीक्षकांना खूश करण्यासाठी फरक शोधून काढणारे बरेच असतात. त्यानंतर त्याचे म्हणणे स्टिअरिंगच्या आणि ॲक्सिलरेटरच्या आलेखाशी ताडून पाहायचे. मागचे टोक सुटते म्हणणाऱ्याच्या आलेखात त्या जागी स्टिअरिंगचा उलटा झटका दिसलाच पाहिजे.

ही मुलाखत मुलाच्या भाषेत व्हावी, असा आमचा आग्रह आहे. सफाईदार इंग्रजीत बोलणारा मुलगा परीक्षकांना हुशार वाटतो, आणि इचलकरंजीच्या मुलाने मराठीत सांगितलेली नेमकी गोष्ट वाया जाते. आंतरराष्ट्रीय संघात इंग्रजी लागते हे मान्य. ते वर्षभरात शिकवता येते. गाडीचे मागचे टोक अंगाने ओळखणे इतक्या लवकर शिकवता येत नाही.

लांब पल्ल्यासाठी १२ ते १५ लॅप सलग द्याव्यात आणि परीक्षकांनी सर्वांत वेगवान लॅप पाहायचा मोह आवरावा. तिसऱ्या लॅपपासून बाराव्यापर्यंत वेळ किती वाढली, लॅपमधला फरक किती, हे बघायचे. दुसरे एक सोपे माप आहे: प्रत्येक सेक्टरमधली (ट्रॅकच्या ठरावीक भागातली) सर्वोत्तम वेळ जोडून आदर्श लॅप काढायचा आणि प्रत्यक्ष सर्वोत्तम लॅपशी त्याची तुलना करायची. एकाला दशांशाचाही फरक पडत नाही, दुसऱ्याला अर्ध्या सेकंदाचा पडतो. दुसऱ्याकडे वेग आहे, पण तो अजून एका लॅपमध्ये गोळा होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलात हा दोष आम्ही माफ करू, एकविसाव्या वर्षी नाही.

चाचणीपर्यंत पोहोचणारी यादी निकालांवरूनच करावी लागते, म्हणून निकाल कसे वाचायचे तेही सांगतो. त्याच संघातला, त्याच गाडीतला सहकारी हा खरा मापदंड. पात्रता फेरीतला दोघांमधला फरक टक्क्यांत काढावा, कारण कोइमतूरच्या २.१ किलोमीटरच्या करी स्पीडवेवर ०.२ सेकंद आणि ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर ०.२ सेकंद या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक कनिष्ठ मालिकांत एका शर्यतीची सुरुवातीची रांग उलटी लावतात. फॉर्म्युला टू च्या स्प्रिंट शर्यतीत पात्रता फेरीतले पहिले दहा उलटे उभे राहतात. तिथे दहाव्या क्रमांकाचा चालक सर्वांत पुढून निघतो. अशा विजयालाही किंमत आहे, पण ती वेगळी नोंदवावी. शर्यत अर्धवट सुटली असेल तर इंजिन गेले की दुसऱ्याला धडकला, हे आधी पाहावे; धडकेचा दोष कुणाचा, ते स्ट्युअर्ड्सच्या (शर्यतीच्या पंचांच्या) निर्णयात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय गुण कापू नयेत. पावसातल्या शर्यती मात्र दुप्पट लक्ष देऊन पाहाव्यात, कारण ओल्या ट्रॅकवर इंजिनच्या ताकदीचा फायदा बराच कमी होतो.

ब्रिटिश पद्धतीची एक मर्यादा आम्हाला खटकते. यादीत येण्यासाठीच मुलाने कनिष्ठ मालिकेत पूर्ण हंगाम काढलेला असावा लागतो, आणि युरोपात फॉर्म्युला फोर च्या एका हंगामाला लाखो युरो लागतात. ज्याच्या घरी तेवढा पैसा नाही तो परीक्षकांना दिसतच नाही. आपल्याकडे म्हणूनच चाचणी कार्टच्या (मुले सुरुवातीला चालवतात त्या छोट्या उघड्या रेसिंग गाडीच्या) पातळीवर घ्यायला हवी. याला आधार आहे: २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने देशभरातल्या कार्टिंग करणाऱ्या मुलांमधून जी निवड केली, तीत मुंबईचा जेहान दारुवाला होता. २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टू ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

करी किंवा चेन्नईचे सर्किट महाराष्ट्रापासून दूर आहे, पण कार्टचा चांगला ट्रॅक दोन दिवस मिळाला तरी काम होते. आठ मुले, आठ कार्ट, दहा-दहा लॅपची आठ सत्रे. दर सत्राला मुलगा कार्ट बदलतो, म्हणजे शेवटी प्रत्येक जण प्रत्येक कार्टमध्ये एकदा बसलेला असतो आणि चांगल्या-वाईट इंजिनाचा हिशेब आपोआप मिटतो. टायर थंड असतात म्हणून पहिल्या तीन लॅप वगळायच्या. उरलेल्या सातांची सरासरी त्या कार्टच्या आठही मुलांच्या सरासरीशी ताडायची. एखाद्या कार्टची सरासरी ४२.६ सेकंद आणि मुलाची ४२.३ असेल तर त्याच्या खात्यात उणे ०.३. आठ कार्टची अशी बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो सर्वांत वेगवान.

यात बिघडते ते छोट्या गोष्टींनी. ज्युनिअर कार्ट चालकासह १४० किलोच्या आसपास असते. तिथे १० किलोचा फरक म्हणजे सात टक्के, म्हणून सर्वांना सारख्या वजनावर आणायचेच. शिशाच्या वड्या आसनाला लॉकनट लावून घट्ट बसवाव्यात, सुटलेली वडी मागच्या मुलाला लागू शकते. हवेचा दाब सर्व कार्टना एकाच गेजने, सावलीत, प्रत्येक सत्राआधी मोजावा, कारण दोन गेजमध्ये १ पीएसआयचा फरक सहज असतो आणि कार्टला तेवढा पुरतो. पेट्रोल दर वेळी त्याच खुणेपर्यंत भरावे. लॅपच्या वेळा मुलांना आणि पालकांना दिवस संपेपर्यंत दाखवू नयेत. फलकावर आकडा दिसला की मुलगा सर्वांत वेगवान लॅपच्या मागे लागतो आणि लांब पल्ल्याची परीक्षा तिथेच संपते. परीक्षकांपुढेही नावांऐवजी क्रमांक असावेत.

बक्षिसाची रक्कम रोख हातात देण्यापेक्षा सरावाचे दिवस, टायर आणि एक इंजिनिअर या रूपात द्यावी. ॲस्टन मार्टिनच्या काळात ब्रिटिश पुरस्काराची रक्कम दोन लाख पौंड होती आणि सोबत फॉर्म्युला वन गाडीतली चाचणी. आपल्याकडे एवढे जमणार नाही. पण करीवर चार दिवस नीट डेटासह गाडी चालवायला मिळाली, तर सोळा वर्षांच्या मुलाला त्याचा चषकापेक्षा जास्त उपयोग होतो.

आपल्या क्रीडा पानालाही एक विनंती आहे. तरुण रेसर जिंकल्याची बातमी देताना शर्यतीत गाड्या किती होत्या, रांग उलटी होती का, तो कितव्या जागेवरून निघाला आणि त्याच्या संघातला सहकारी कितवा आला, या चार गोष्टी सोबत छापाव्यात. आयोजकांच्या निकालपत्रकात त्या सहसा मिळतात, आणि प्रायोजकत्वाचा अर्ज वाचणाऱ्या माणसालाही त्याच लागतात.

आपले,
मोटर रेसिंगमधील काही तंत्रज्ञ व प्रशिक्षक
पुणे आणि कोल्हापूर