लेन्स दाखवण्याआधी ‘पायाशी काय आहे?’ विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या डोंगर-धरण-घाटांचे फोटो काढत फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. मुद्दाम उघड लिहितोय, कारण तुम्ही तुमच्या लेन्सच्या दुकानात काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगता ते वाइड अँगल, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, लेन्स घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

वाइड लेन्स मागायला येणारा बहुतेक जण एकच वाक्य घेऊन येतो: “काका, सगळं मावत नाही.” त्यावर तुम्ही कपाट उघडत नाही. विचारता, “पायाशी काय आहे?” समोरच्याला प्रश्न कळत नाही, तेव्हा तुम्ही खुलासा करता. वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं बारीक करते. त्र्यंबक रस्त्याच्या कडेला उभं राहून १६ मिमीच्या लेन्सने (मिमीचा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) ब्रह्मगिरी टिपला, तर वर आभाळ, खाली डांबर आणि मधे बोटभर उंचीची एक करडी रेघ मिळते. डोंगर मावतो खरा, पण त्याचा दरारा जातो. १,६४६ मीटरचं कळसूबाई लांबून १६ मिमीवर वारुळाएवढं दिसतं. तो डोंगरच हवा असेल तर लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची लेन्स काढावी. वाइड काढावी ती डोंगरापुढचा दगड, पाण्याचं डबकं, द्राक्षबागेची ओळ किंवा घाटाची पायरी दाखवायची असेल तेव्हा. या एका प्रश्नामुळे कित्येकांचे पैसे वाचले आहेत आणि कित्येकांचे योग्य ठिकाणी लागले आहेत.

पावसाळा सरतानाच्या अंजनेरीच्या पठाराचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. गुडघाभर उंचीवरून १६ मिमी धरली तर फुलांचा नुसता हिरवा-जांभळा शिडकावा दिसतो. तीच लेन्स फुलापासून ३० सेंटीमीटरवर, जवळजवळ जमिनीला टेकवून धरली की एकेक पाकळी अंगावर येते आणि मागे कडा उभा राहतो. म्हणून तुम्ही लेन्सच्या माहितीपत्रकात आधी फोकसचं किमान अंतर बघायला लावता. कॅननच्या १६-३५ एफ/४ चं (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चरचं, लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचं, माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) हे अंतर २८ सेंटीमीटर आहे, पण ते मोजतात सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते तिथून. लेन्सची लांबी आणि बॉडीतलं अंतर वजा केलं तर पुढच्या काचेपासून फूल जेमतेम १२ सेंटीमीटरवर येऊ शकतं. हा हिशेब माहीत नसला की माणूस अर्ध्या हातावरच थांबतो आणि ‘लेन्समध्ये दम नाही’ म्हणतो. तिथे ट्रायपॉडचा पाय रोवण्याआधी खाली बघायची सवयही तुमचीच. अंजनेरीचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगरावरची आहे, आणि फोटोपायी तिच्यावर पाय पडणं ही भरून न येणारी चूक.

मग आकड्यांचं. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, ३५ मिमीचा आडवा कोन साधारण ५४ अंश, २४ चा ७४, १८ चा ९० आणि १६ चा ९७. म्हणजे १८ वरून १६ वर आलं की दोन मिलिमीटरमध्ये सात अंश वाढतात, तर ७० आणि ७२ मध्ये एक अंशाचाही फरक पडत नाही. ‘१० घेऊ की १२, काय मोठा फरक आहे’ असं म्हणणाऱ्याला तुम्ही हेच गणित कागदावर मांडून देता. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवर मिमीचा आकडा निकॉन, सोनी, फुजीसाठी दीडने आणि कॅननसाठी १.६ ने गुणायचं. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सचे १८ मिमी प्रत्यक्षात २७ किंवा २९ इतकेच वाइड असतात, आणि फुल फ्रेमच्या १६ ची बरोबरी करायला क्रॉपवर १० ची लेन्स लागते. फुल फ्रेमसाठी बनलेली १६-३५ क्रॉप बॉडीवर लावून ‘आता वाइड झालं’ म्हणणं चूक, ती तिथे २४ च्या आसपासच राहते. ‘पुढे फुल फ्रेम घेईन’ या आशेवर आज जड, महाग आणि कमी वाइड लेन्स घेऊ नये, हे तुमचं मत आम्हाला शंभर टक्के पटतं.

खरेदीआधी तुम्ही एक गृहपाठही देता. किट लेन्सने काढलेले जुने फोटो काढायचे, किती १८ वर आहेत आणि किती ३५ च्या पुढे ते मोजायचं. निम्म्याहून जास्त ३५ च्या पुढचे निघाले तर वाइडची घाई नको. अधूनमधून रुंद दृश्य हवंच असेल तर कॅमेरा उभा धरून १८ वर चार-पाच फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकीत एक तृतीयांश भाग मागच्या फ्रेमचा ठेवायचा, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर, आणि घरी जोडायच्या. गंगापूर धरणाचा काठ यात उत्तम जमतो. वाऱ्याने हलणारं गवत किंवा लाटा अगदी पुढ्यात असतील तर मात्र जोड दिसतो. दुकानदाराने ‘अजून घेऊ नकोस’ म्हणावं, याबद्दल आभार मानायला आमच्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

एफ/२.८ चा मोहही तुम्ही असाच उतरवता. लँडस्केप बहुधा ट्रायपॉडवर, एफ/८ ते एफ/११ वर होतं, तिथे २.८ कामाला येत नाही. कॅननची १६-३५ एफ/४ ही ६१५ ग्रॅमची, तिची एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती ७९० ची. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत असताना पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम जाणवतो. एफ/२.८ खरी लागते ती आकाशगंगेसाठी, कारण एफ/४ च्या दुप्पट प्रकाश मिळतो. आपल्याकडे त्याचा हंगाम मार्च ते मे, पहाटेआधी; जून लागला की ढग. आणि तिथेही नुसता आकडा बघून चालत नाही: कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसले तर त्या लेन्सचा ‘कोमा’ जास्त आहे, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद करावीच लागणार, मग २.८ चे पैसे कशाला मोजायचे?

फिल्टरचं गणित लेन्स घेण्याआधी करायचं, हे तर आम्ही सगळ्यांना सांगत असतो. पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेली असेल, जशी निकॉनच्या जुन्या १४-२४ एफ/२.८ ची, तर स्क्रूचा फिल्टर बसत नाही. १५० मिमीची रुंद पट्टी आणि तिचा वेगळा होल्डर लागतो. सोमेश्वरच्या धबधब्यावर पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) आणि एनडी (प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर) वापरायचे असतील तर साधी पुढची काच, ६७, ७७ किंवा ८२ मिमीची, केव्हाही सोयीची. सगळ्यात मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्यायचा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर बसवणारं कडं, ठेवायची. रिंग लावल्यावर हूड, म्हणजे लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं, बहुधा बसत नाही, हेही तुम्ही आधीच सांगता. दोन फिल्टर एकावर एक चढवले की १६ मिमीवर कोपरे काळे पडतात, म्हणून बारीक कडेचा फिल्टर. वाहत्या पाण्याला पाव ते एक सेकंद पुरतो. १/१५ सेकंदाचं शटर सहा स्टॉपच्या एनडीने चार सेकंदांवर जातं आणि दहा स्टॉपच्या एनडीने मिनिटाच्या वर. मग पाण्याचं नुसतं दही दिसतं.

पोलरायझरबद्दल एक खबरदारी. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ तो सर्वांत जास्त गडद करतो. ९७ अंशांच्या फ्रेममध्ये त्यामुळे मधे गडद निळा पट्टा आणि कडांना फिकट आभाळ येतं, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार किचकट. वाइडवर पोलरायझर ठेवायचा तो ओल्या दगडांची आणि पानांची चमक मारायला, किंवा ढगांनी भरलेल्या दिवशी.

आता तुमच्या टॉर्चबद्दल, कारण सर्वांत जास्त उपकार तिथे आहेत. जुनी लेन्स घ्यायची असली की तुम्ही दोन्ही झाकणं काढता, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडता आणि मागून तिरपा टॉर्च मारता. आत धुळीचे पाच-दहा कण दिसले तर काही बिघडत नाही, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी: ती काचेवरचं कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहतात. सगळ्या काचेवर दुधी धुकं दिसलं तर उन्हाविरुद्धचे फोटो फिके येणार. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती सावकाश मिटतात आणि एक्स्पोजर चुकतं. मग माउंटची, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते तिथली, धातूची कडा, फिल्टरच्या आट्या, झूमची रिंग एकसारखी फिरते की मधेच अडते. आट्यांजवळ चेपलेली कडा म्हणजे लेन्स तोंडावर पडलेली आहे, आणि वाइड लेन्स पडली की आतली एखादी काच तिरकी होण्याची शक्यता मोठी.

ती तिरकी काच ओळखायची तुमची पद्धत इथे जशीच्या तशी लिहितो. सकाळी, हवा तापायच्या आत, ट्रायपॉडवर कॅमेरा लावायचा. दूरचा एखादा मोबाइल टॉवर निवडायचा. तो मधोमध ठेवून फोकस करायचा आणि लगेच मॅन्युअलवर टाकायचं. यानंतर रिंगला हात नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मग कॅमेरा वळवून तोच टॉवर आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणायचा, प्रत्येक ठिकाणी एक फोटो. हेच एफ/८ वर पुन्हा, आणि झूमच्या दोन्ही टोकांना. संगणकावर शंभर टक्क्यांवर बघायचं. चारही कोपरे सारखेच मऊ, म्हणजे थोडे पुसट, असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, एफ/८ वर सुधारतो. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच पुसट, आणि तो एफ/८ वरही पुसटच, तर लेन्स परत. विटांच्या भिंतीचा फोटो काढून परीक्षा घेणारे कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर ठेवू शकत नाहीत आणि चांगल्या लेन्सला नावं ठेवतात. टॉवरच्या पद्धतीत ती गफलतच राहत नाही.

नवीन घेणाऱ्यांनाही तुम्ही बॉडी आणायला लावता. निकॉनची एएफ-पी १०-२० फक्त २३० ग्रॅमची, ७२ मिमी फिल्टरची, सुरेख लेन्स, पण डी९० किंवा डी३१०० या निकॉनच्या जुन्या बॉडींवर तिचा फोकस चालत नाही. कॅननची ईएफ-एस १०-१८ तशीच हलकी, पण कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआर बॉडीवर बसत नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत असलेली ही माहिती काउंटरवरच कळली की पुढचा मनस्ताप टळतो.

फोकससाठी तुमचा छोटा कागद अजून अनेकांच्या बॅगेत आहे. फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/११: फोकस ८० सेंटीमीटरवर, तर ४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. २४ मिमी, एफ/११: फोकस १.८ मीटरवर, ९० सेंटीमीटरपासून पुढे स्पष्ट. क्रॉपवर १० मिमी, एफ/८: फोकस ६५ सेंटीमीटरवर. मोठा प्रिंट काढायचा असेल तर कागदावरच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप आणखी बंद. एफ/२२ पर्यंत मात्र जायचं नाही, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळीच फ्रेम मऊ पडते. रामकुंडावर फोटो काढताना कॅमेरा वर झुकवला की देवळांचे कळस मागे कलंडतात. म्हणून कॅमेरा सपाट, उरलेलं खालचं दगडकाम नंतर कापायचं. आणि घाटावरचा माणूस फ्रेमच्या कडेला कधीच ठेवायचा नाही, तिथे त्याचं शरीर ताणून रुंद होतं.

पावसाळ्यासाठी तुम्ही सांगितलेली तयारी इगतपुरी-भावलीकडे जाणाऱ्या सगळ्यांनी अंगी बाणवली आहे. वाइड लेन्सचं हूड आखूड, पाणी थेट काचेवर येतं, आणि एफ/११ वर एकेक थेंब पांढरा डाग होऊन उमटतो. म्हणून तीन कोरडी मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या पिशव्यांत, फ्रेम लावेपर्यंत लेन्स जमिनीकडे, आणि एसी गाडीतून उतरल्यावर बॅग न उघडता अर्धा तास. परत आल्यावर घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मधे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरायचं.

एवढं सगळं तुम्ही गिऱ्हाईक काही घेतंय की नाही ते न बघता सांगता, रविवारच्या गर्दीतही. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचे,
नाशिकचे डोंगर टिपणारे आम्ही सगळे

ता. क. तुमची ६७ ते ७७ ची स्टेप-अप रिंग अजून आमच्यातच हातोहात फिरते आहे. मृगाआधी काउंटरवर आणून देतो.